शेऱ्याचा रकाना

३ मार्च

नोकरीला पंचवीस वर्षं झाली म्हणून कार्यालयाने मला भिंतीवरचं घड्याळ आणि ही डायरी दिली. प्रत्येक पानाच्या तळाशी छापलंय, ‘अचूक नोंद हीच सेवा’. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं. आमचे हे म्हणाले, सरकारी आहे, त्याला कसली घाई.

आयुष्यभर आकडे लिहिले, म्हटलं आता थोडी अक्षरंही लिहू. धक्क्याच्या खांबाला एक काळी-पांढरी पट्टी ठोकलेली आहे. भरतीला आणि ओहोटीला पाणी तिच्यावर कुठवर येतं ते बघायचं आणि तक्त्यात लिहायचं, हे माझं काम. तक्ता तीन प्रतींचा, मधे कार्बन. महिनाअखेरीस एक प्रत लाँचने कार्यालयात जाते, एक माझ्या कपाटात राहते आणि तिसरी धक्क्यावरच्या फळ्याला टाचायची, गावाला बघायला. शेवटचा रकाना शेऱ्याचा. त्यात मी पंचवीस वर्षं ‘काही नाही’ असं लिहीत आलेय. गाव मला पट्टीबाई म्हणतं. होडीवाले जाता-येता खालून ओरडतात, “पट्टीबाई, आज किती?” आणि मी धक्क्यालगतच्या माझ्या खोलीच्या खिडकीतून आकडा सांगते. दादा तेवढा विचारत नाही. माझा सख्खा मोठा भाऊ, त्याचीही होडी, पण कित्येक वर्षांत त्याने कधी विचारलं नाही. धाकट्या बहिणीला विचारायचं म्हणजे कमीपणा वाटत असेल.

परवाच्या सभेबद्दल लिहायचं होतं. समुद्र चढतोय म्हणून सरकार बेटांना दगडी बांध घालून देणार आहे, पण सगळ्यांना नाही. ज्या बेटाच्या नोंदीत तीस वर्षांत पाणी दहा सेंटीमीटरच्या वर चढलेलं दिसेल, त्यालाच. आमच्या नोंदीत रेघ सरळ आहे. म्हणून आम्हाला बांध नाही आणि शेपटीवरची अकरा घरं पावसाळ्याआधी रिकामी करायची. बेटाचं दक्षिणेकडचं निमुळतं टोक म्हणजे शेपूट. तिथलं शेवटचं घर दादाचं.

शाळेच्या खोलीत सभा झाली. दादा उठला आणि म्हणाला, माझ्या स्वयंपाकघरात उधाणाला पाणी येतं, पूर्वी येत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी वही उघडून दाखवली आणि म्हटलं, “दादा, पाणी चढत नाहीये. तुझं घर बसतंय.” शाळा हसली. मास्तरसुद्धा हसले. दादा थोडा वेळ माझ्याकडे बघत उभा राहिला आणि मग बसला. आता गावात पोरंसोरंही त्याच्या घराला ‘बसकं घर’ म्हणतात.

आकडे माझ्या बाजूने होते, त्यात माझी काय चूक? पण वहिनी त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही.

७ मार्च

लाँचने इंजिनियर आली. तिशीचीही नसेल, पाठीवर पिशवी, उन्हाने नाक सोललेलं. मी मॅडम म्हणते, ती मला मावशी म्हणते. बांधाची यादी पक्की होण्याआधी प्रत्येक बेटावरची पट्टी तपासायचं काम तिच्याकडे आहे.

तिने पहिल्यांदा खुणेचा दगड विचारला. धक्क्याच्या पायऱ्यांमागे जुनी जाळी पडलेली असतात, त्यांच्याखाली तो आहे. वर पितळी बटण, बाजूला कोरलेलं ३.०० मीटर. पट्टी याच्याशी जुळवून लावायची असते. जाळी बाजूला करताना तिच्याइतकाच मीही तो बऱ्याच वर्षांनी बघितला.

मग ती खांबाशी वाकली आणि म्हणाली, “मावशी, हे तर होडीचे खिळे आहेत. पट्टी कोणी लावली ही?”

मी म्हटलं, कार्यालयाचीच माणसं आली होती, त्यांचे खिळे संपले असतील. इतकं सहज बोलून गेले की माझं मलाच नवल वाटलं. ती बरं म्हणाली आणि तिने वहीत काहीतरी लिहिलं. पातळी बघायचं यंत्र पुढच्या खेपेला आणणार आहे.

आता खरं काय ते लिहिते. बारा वर्षांपूर्वी दादाने होडी घेतली. परवाना मिळून दोन महिनेही झाले नव्हते. उधाणाच्या भरतीला त्याची होडी वाऱ्याने फिरली आणि सरळ पट्टीवर आदळली. पट्टी निघून एका खिळ्यावर लोंबायला लागली. नियम असा की काही झालं की कार्यालयाला कळवायचं, त्यांची माणसं येऊन दगडाशी जुळवून पट्टी लावणार. पण कळवलं असतं तर दादाचा परवाना गेला असता. म्हणून आम्ही दोघांनीच ती तिथल्या तिथे ठोकली. कुठे ठोकायची? माझ्याकडे भरती-ओहोटीचं छापील पुस्तक होतं. त्या दिवसाची भरती त्यात २.१० दिली होती. पाणी भरलेलं होतंच. पाण्याशी २.१० येईल अशी पट्टी धरली आणि ठोकून टाकली. छापील पुस्तक चुकेल कशाला?

भावासाठी केलं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

८ मार्च

लाँच दुपारची, म्हणून मॅडम सकाळी माझ्या खोलीत चहाला बसली होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ते पुस्तकातले आकडे कसे काढतात हो? ती म्हणाली, जुन्या वर्षांच्या सरासरीवरून. समुद्र पूर्वी जसा होता तसाच राहील असं धरून. मग हसली आणि म्हणाली, “समुद्राने ते पुस्तक वाचलेलं नाही, मावशी. म्हणून तर पट्टी लागते.”

कप माझ्या हातात होता, तो मी खाली ठेवला. ती गेल्यावर गवंडी पातळी बघायला वापरतात ती पाण्याची नळी मागून आणली. एक टोक दगडाच्या बटणाशी बांधलं, दुसरं पट्टीशी धरलं. तिथे पट्टीवर ३.०० यायला हवं होतं. आलं २.८१.

नळीत बुडबुडा असेल म्हणून झटकली आणि पुन्हा धरली. २.८१. तिसऱ्यांदाही तेच.

एकोणीस सेंटीमीटर. पाणी पुस्तकापेक्षा वीतभर वर आलं होतं आणि मी ते खिळे ठोकून खाली बसवलं. त्यानंतर बारा वर्षं ते बिचारं पुन्हा चढतंय आणि माझ्या तक्त्यात आत्ता कुठे जुन्या आकड्यांपर्यंत येऊन पोचलंय. त्यालाच आम्ही सरळ रेघ म्हणतो.

दादाचं घर बसलेलं नाही.

९ मार्च

सकाळची भरती १.९४. खोटी आहे हे माहीत असून लिहिली. शेरा: काही नाही.

१४ मार्च

पौर्णिमा. दुपारची नोंद घेऊन शेपटीवर गेले. सांगून टाकायचं असं ठरवून गेले होते.

स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी. वहिनीने शेगडी विटांवर चढवलीय आणि तिथेच उभी राहून चहा करते, जणू जमीन ओली असणं हे नेहमीचंच. अर्धं सामान पेट्यांत भरलेलं. दादा दाराशी पाटावर बसला होता, पाय पाण्यात. दाराच्या चौकटीवर सुरीने पाडलेल्या आडव्या खाचा दिसल्या. खालची जुनी, काळी पडलेली. वरच्या ताज्या. मी मोजल्या नाहीत, पण पुष्कळ होत्या, पाणी कुठवर आलं त्याच्या, पौर्णिमेची एक याप्रमाणे असाव्यात. मॅडमला हे नुसतं दाखवलं असतं तरी तिला पटलं असतं. दादाला मुद्दा मांडता येतच नाही.

मी काय बोलले? घड्याळाबद्दल बोलले. मागे पडतं म्हणाले. दादा म्हणाला, तेल घाल. मग आम्ही तिघं चहा प्यायलो.

निघताना वहिनी दारापर्यंत आली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. म्हणाली, “वन्सं, त्या सभेत यांनी पुरतं तोंड उघडलं असतं ना, तर आज गोष्ट वेगळी असती.” एवढंच बोलून आत गेली.

वाटेत लक्षात आलं. म्हणजे त्याला सगळं आठवतंय. ही धमकीच झाली. आज ना उद्या तो मॅडमला सांगणार की पट्टी माझ्या बहिणीने लावली, आणि माझी नोकरी, निवृत्तिवेतन, ते घड्याळसुद्धा जाणार. सख्खा भाऊ. ज्याच्या परवान्यासाठी मी हे केलं, तो.

१५ मार्च

रागाने लिहिलेलं आज वाचलं. राग कसला, भीती आहे ती. बुडणाऱ्या घरात बसून तो चहा पाजतो आणि मी माझ्या निवृत्तिवेतनाचा हिशेब करते.

तरीही सांगायची हिंमत होत नाही. मॅडम १९ला येणार. यंत्र लावलं की पट्टी वर आहे हे तिला कळेलच. तिने विचारल्यावर सांगेन. आपण होऊन कशाला?

१९ मार्च

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते, नाहीतर उद्या मीच ते गोड करून घेईन.

लाँच साडेदहाला लागली. मी ओहोटीच्या नोंदीची तयारी करत होते. खिडकीतून बघते तर दादा आधीच धक्क्यावर. मॅडम उतरली तसा तो पुढे झाला आणि बोलायला लागला. हाताने होडी दाखवली, मग पट्टी, मग हातोड्याने ठोकल्यासारखं केलं. मनात एकच आलं, त्याने माझं नाव पुरं करायच्या आत आपण पोचलं पाहिजे.

जवळजवळ धावतच गेले. कोणी काही विचारायच्या आत म्हणाले, “मॅडम, होडी याचीच होती. यानेच पट्टी पाडली.”

मॅडम म्हणाली, “हो, ते सांगतायत. आणि परत ठोकलीही त्यांनीच. तुम्ही त्या दिवशी तापाने पडला होतात, तुम्हाला काहीच माहीत नव्हतं म्हणे.”

मी दादाकडे बघितलं. तो खाली पाण्याकडे बघत होता.

बोलायला तिथे पुरेसा वेळ होता. मॅडम पिशवीतून यंत्र काढत होती, तिपाई उघडत होती, स्क्रू फिरवत होती. मला तो प्रत्येक स्क्रू आठवतोय. शेवटी ती म्हणाली, “असंच ना, मावशी?” आणि मी मान हलवली. होकाराची.

एकोणीस सेंटीमीटरच आले. ती म्हणाली, आलेखात बारा वर्षांपूर्वी एक पायरी दिसत होती, तिचा अर्थ आत्ता लागला. दुरुस्त आकड्यांनी आमचं बेट यादीत बसतं, शेपटीसकट. पण सरकारी मोजमापाला हात लावला म्हणून चौकशी होईपर्यंत दादाचा परवाना बंद. त्याने जबाबावर सही केली. दादाची सही मोठी आणि वाकडी आहे, लहानपणी मीच त्याला शिकवली होती. जाताना मॅडमने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, तुमच्या भावामुळे तुम्हाला उगीच मनस्ताप झाला.

२० मार्च

नोंद घेतली नाही. ताप आहे असं कळवलं. बारा वर्षं उशिराने का होईना, आला.

२४ मार्च

वाण्याकडे काड्यापेटी आणायला गेले. तिथे चौघं उभे होते. बांध मंजूर होणार म्हणून सगळे खूश, आणि दादावर सगळे उखडलेले. एक म्हणाला, त्याने तेव्हाच सांगितलं असतं तर आपण आधीच यादीत असतो. दुसरा म्हणाला, आणि सभेत उभं राहून रडत होता, पाणी येतं म्हणून, स्वतःच केलेलं. मला बघून बाजूला सरकले. मग वाणी म्हणाला, पट्टीबाई, तुमची कमाल आहे, सख्ख्या भावाने एवढं केलं तरी तुमच्या तोंडून एक वाईट शब्द नाही.

मी काड्यापेटी घेतली आणि घरी आले.

दादा आता धक्क्यावर लाँचचे दोर धरायचं काम करतो. होडी वाळूत उलटी घालून ठेवलीय. काल लाँचमधून उतरणाऱ्या एका बाईने त्याच्याकडे पिशवी दिली नाही, दुसऱ्याकडे दिली. हे मी खिडकीतून बघितलं. आता माझी ती खिडकी म्हणजे शिक्षा झालीय.

यांना रात्री जेवताना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि पानावरून उठले. थोड्या वेळाने परत येऊन बसले आणि म्हणाले, घड्याळ मी भिंतीवरून काढून ठेवतो, चालेल ना? मी म्हटलं, चालेल.

२८ मार्च

आज ओहोटीनंतर दादाकडे गेले. तो उलट्या होडीच्या सावलीत बसून जाळं सोडवत होता. माझ्यासाठी त्याने फळकुट पुढे सरकवलं. मी उभीच राहिले.

विचारलं, का केलंस असं?

जाळं सोडवता सोडवताच म्हणाला, “माझी होडी तशीही म्हातारी झाली. तुझी नोकरी सात वर्षं आहे अजून.”

मी म्हटलं, पण पट्टी मी लावली होती.

“धरली मी होती,” तो म्हणाला. मग थोडा हसला. “मी तुला म्हटलं होतं, दगड बघू या. जाळी बाजूला करायलाही लागलो होतो. तू म्हणालीस, पुस्तकात छापलंय, तुला काय कळतंय त्यातलं.”

मला हे आठवत नव्हतं. सात तारखेला मी या वहीत सगळं खरं म्हणून लिहिलंय आणि त्यात हे नाही. आता लख्ख आठवतं. जाळ्यांशी वाकलेला दादा, आणि ओल्या पुस्तकावर बोट ठेवून उभी असलेली मी. घाई परवान्याची नव्हती. त्याला जास्त कळतं हे मला मान्य करायचं नव्हतं.

“म्हणून मग तू मला आकडा विचारायचं सोडलंस?” मी विचारलं.

तो म्हणाला, “विचारून काय करू? तू सांगायचीस ते खोटं असायचं. तुला माहीतही नसायचं. उगीच तुझ्या तोंडून खोटं कशाला वदवू?”

बारा वर्षं त्याला माहीत होतं. सभेत उभा होता तेव्हाही. त्याने ‘पट्टी चुकीची आहे’ एवढे तीन शब्द उच्चारले असते तर त्याचं घर वाचलं असतं आणि शाळा माझ्याकडे बघून गप्प झाली असती. तो तीन शब्द गिळून बसला, आणि मी त्याच्या घरावर विनोद केला. वहिनी धमकी देत नव्हती. ती नवऱ्याचं दुःख सांगत होती आणि मला त्यात माझं निवृत्तिवेतन ऐकू आलं.

मी म्हटलं, मी सांगणार आहे. तो म्हणाला, नको, झालं ते झालं, बांध येतोय ना. वहिनी मागे उभी होती. आत जाऊन तिने माझ्यासाठी पाट आणला. मग मी बसले.

३० मार्च

आज दिवसभर स्वतःशी घासाघीस केली. मॅडमला एकटीला पत्र लिहावं. किंवा निवृत्तीनंतर सांगावं. किंवा आधी दादाचा परवाना सुटू दे, मग बघू. किती वाटा सापडतात. सगळ्या वाटा अशा, की गावाला कळणार नाही. मॅडमला कळलं आणि वाण्याकडच्या चौघांना नाही कळलं, तर दादाच्या हातात पुन्हा कोणी पिशवी देणार नाही.

३१ मार्च

महिनाअखेर. सकाळी अकरा चाळीसची भरती, नव्याने लावलेल्या पट्टीवर. २.३४. आकडा लिहिला आणि शेऱ्याच्या रकान्यापाशी आले.

रकाना दोन बोटं रुंद. ‘काही नाही’ साठीच केलेला. त्यात मावेना म्हणून अक्षर बारीक केलं आणि समासात गेले. लिहिलं ते असं: बारा वर्षांपूर्वी ही पट्टी मी लावली. भावाने दगड बघायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्याचा जबाब माझ्यासाठी दिलेला आहे, खरा नाही. घर बसलेलं नव्हतं. खाली सही.

पेन इतकं दाबलं की तिसरी प्रतही स्वच्छ उमटली. एरवी ती पुसट असते, होडीवाले कुरकुर करतात.

पहिली प्रत पाकिटात घातली. दुसरी कपाटात. तिसरी आणि चार टाचण्या घेऊन धक्क्यावर गेले. लाँचला वेळ होता, पंधरा-वीस माणसं सामान घेऊन उभी होती, वाणीही होता. टाचणी फळ्यात जाईना. एक वाकली, दुसरी हातातून पाण्यात पडली. माणसं बघत होती, पण लांबून. महिन्याचा तक्ता, त्यात वाचायचं काय, असा त्यांचा चेहरा. शेवटी दोन टाचण्यांवर लावला.

तेवढ्यात दादा दोर घेऊन पायऱ्या चढून आला. फळ्यापाशी थांबला. त्याचा चष्मा घरी असतो. डोळे बारीक करून बघितलं, मग माझ्याकडे वळला.

“आज किती?” त्याने विचारलं.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. आधी आकडा, मग शेरा.